पावसाला जागा देणारी दोन शहरे : कोपनहेगन आणि मालमो

कोपनहेगनच्या जुन्या वस्त्यांत घराघरांतले सांडपाणी आणि रस्त्यांवर पडणारे पावसाचे पाणी जमिनीखालच्या एकाच वाहिनीतून वाहते. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बऱ्याच मोठ्या शहरांनी हीच व्यवस्था पत्करली होती, आणि कोपनहेगनला ती दीर्घकाळ पुरलीही. इथे वर्षभरात मिळून साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तोही बाराही महिन्यांत विभागलेला आणि बहुतेक वेळा भुरभुर स्वरूपाचा. असा पाऊस गटाराला जड जात नाही. २ जुलै २०११ च्या शनिवारी संध्याकाळी मात्र शहरावर ढगफुटी झाली. बोटॅनिकल गार्डनमधल्या पर्जन्यमापकावर २४ तासांत १३५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्यातला बहुतेक दोन-तीन तासांतच कोसळला होता. वाहिन्या तुडुंब भरल्या आणि मैला मिसळलेले पाणी तळघरांत, दुकानांत, रस्त्यांवर पसरले. रिग्सहॉस्पितालेट या देशातल्या प्रमुख रुग्णालयाच्या तळघरात पाणी शिरल्यामुळे तिथले रुग्ण हलवावे लागतील की काय, अशी वेळ आली. विमा कंपन्यांकडे आलेले दावे ५ ते ६ अब्ज डॅनिश क्रोनरच्या घरात होते.

शहराच्या जमिनीवरून पाणी इतक्या वेगाने का धावते, याचे गणित अगदी सोपे आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. हजार चौरस मीटरच्या छतावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर ५० हजार लिटर पाणी पन्हळींतून खाली येते. हेच पाणी गवताळ, सैल मातीवर पडले असते तर त्यातला मोठा भाग मुरला असता, काही पानांवर अडला असता, उरलेला हळूहळू सखल भागाकडे गेला असता. डांबर, काँक्रीट आणि कौले यांच्यावरून मात्र जवळजवळ सगळे पाणी वाहून जाते, आणि ते सगळीकडून एकाच वेळी गटाराच्या तोंडाशी पोहोचते. पुराचे खरे कारण या एकाच वेळी पोहोचण्यात असते. वाहिनी दुप्पट मोठी केली तरी प्रश्न फार तर थोडा पुढे ढकलला जातो. शिवाय वर्षातून एखाद्या संध्याकाळी लागणारी ती वाहिनी उरलेले दिवस रिकामी पडून राहते.

कोपनहेगन महानगरपालिकेने २०१२ मध्ये ढगफुटीला तोंड देण्याची स्वतंत्र योजना स्वीकारली. तिच्यात सुमारे ३०० लहानमोठी कामे आहेत आणि ती साधारण वीस वर्षांत पुरी करायची आहेत. योजनेचे मोजमाप साधे ठेवले आहे. शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पावसातही रस्त्यावर १० सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी साचू नये. आणि गटारातले पाणी दहा वर्षांतून एकदापेक्षा जास्त वेळा वर येऊ नये. या दोन वाक्यांत एक धीट कबुली आहे. मोठ्या पावसात पाणी साचणारच, हे नियोजनकर्त्यांनी गृहीत धरले. ते कुठे साचावे आणि किती, एवढे त्यांनी आधी ठरवले. बागा, चौक, मैदाने, दोन इमारतींमधली मोकळी जागा ही साचण्याची ठिकाणे. काही रस्ते पाणी वाहून नेणारे. काही गल्ल्या ते रोखून धरणाऱ्या. आणि जिथे दुसरा इलाज नाही तिथे जमिनीखालचे मोठे बोगदे. फक्त गटारे वाढवण्यापेक्षा हा संमिश्र मार्ग स्वस्त पडतो, असा निष्कर्ष त्या वेळच्या हिशेबातून निघाला होता. पैसा मुख्यतः पाणीपट्टीतून उभा राहतो. नळाचे पाणी आणि गटारे सांभाळणाऱ्या कंपनीला जमिनीवरच्या बागेसाठी खर्च करता यावा म्हणून देशातले नियमही बदलावे लागले. प्रवाशाच्या नजरेला हा भाग दिसत नाही, पण तो नसता तर पुढे वर्णन केलेली एकही बाग झाली नसती.

या योजनेचे पहिले नमुने पाहायचे तर ऑस्टरब्रो भागात जावे लागते. शहराभोवती वर्तुळाकार फिरणारी एम-३ ही मेट्रो २०१९ मध्ये सुरू झाली. तिच्या विबेन्सहुस रुंडेल स्थानकापासून सांक्ट केल्स वस्ती पायी जाण्याच्या अंतरावर आहे. पाच मजली विटांच्या इमारतींची ही जुनी कामगार वस्ती. रस्ते गरजेपेक्षा रुंद होते. तेवढ्या रुंदीची मोटारींना जरूर नव्हती, म्हणूनच इथून सुरुवात करणे शक्य झाले. वस्तीतल्या पावसाचा जवळपास ३० टक्के भाग गटारात जाऊच द्यायचा नाही, असे उद्दिष्ट ठेवले गेले.

टोसिंगे प्लास हा या वस्तीतला छोटा चौक डिसेंबर २०१४ मध्ये नव्या रूपात खुला झाला. पूर्वी इथे डांबर आणि पार्किंग होते. आता चौकाचा एक भाग उंच, कोरडा आणि गवताचा आहे. दुसरा भाग खोलगट, दाट झाडीचा. उंच बाजूला ऊन येते, तिथे लोक बसतात. खोलगट बाजूला ओल आणि कोरडे दिवस दोन्ही सोसणाऱ्या वनस्पती आहेत. मध्ये उलट्या उघडलेल्या मोठ्या काळ्या छत्र्या उभ्या आहेत. त्या पाऊस झेलतात आणि खालच्या टाकीत सोडतात. लगतच्या इमारतींच्या छतांवरचे पाणीही या टाक्यांत येते, आणि मुले पायाने पंप दाबून ते वर काढतात. छत्र्यांकडे सगळ्यांचे लक्ष जाते, छायाचित्रेही त्यांचीच निघतात. पण चौकातली खरी हुशारी पायाखाली आहे. छतावरचे पाणी तुलनेने स्वच्छ असते, म्हणून ते खेळायला आणि झाडांना वापरता येते. रस्त्यावरच्या पाण्यात टायरची भुकटी, ब्रेकमधून झडलेले तांबे, तेल आणि हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ असते. म्हणून दोन्ही पाण्यांच्या वाटा सुरुवातीपासून वेगळ्या ठेवल्या आहेत. मीठ मिसळलेले पाणी झाडांच्या मुळांशी जाऊ द्यायचे नाही, ही काळजी या थंड देशातल्या प्रत्येक अशा बागेत घ्यावी लागते.

पुढे सांक्ट केल्स प्लास आणि त्याला लागून जाणारा ब्रुगरवांगेन रस्ता लागतो. हे काम २०१९ मध्ये पुरे झाले. पूर्वी इथे एक प्रचंड वाहतूक-बेट आणि त्याभोवती डांबराचे मैदान होते. एसएलए या भूदृश्य-रचनाकार संस्थेने डांबराचा मोठा हिस्सा उखडला आणि तिथे पाचशेहून अधिक झाडे लावली. झाडांच्या जाती कोपनहेगनच्या परिसरातल्या नैसर्गिक रानांवरून निवडल्या. रांगा नाहीत, गोल कापलेली झुडपे नाहीत, फुलांचे वाफे नाहीत. चौकात एक विस्कटलेले रान उभे आहे आणि त्यातून पायवाटा जातात. बांधकामाची शिस्त आवडणाऱ्या माणसाला ते अपुरे वाटू शकेल. त्या रानाच्या तळाशी मात्र बारकाईने आखलेले उतार आहेत.

अशा पाणी मुरवणाऱ्या वाफ्याची रचना जगभर थोड्याफार फरकाने सारखीच असते. वाफा रस्त्याच्या पातळीपेक्षा १५ ते ३० सेंटिमीटर खाली असतो. पदपथाच्या कडेच्या दगडात ठरावीक अंतरावर खाचा सोडलेल्या असतात आणि रस्त्याचा ढाळ त्या खाचांकडे दिलेला असतो. आत येणाऱ्या पाण्याचा वेग मोडावा आणि माती वाहून जाऊ नये म्हणून तोंडाशी दगड रचतात. त्याखाली वाळू मिसळलेली माती, तिच्याखाली खडी. मातीत पाणी गाळले जाते. धातू आणि तेलाचे कण तिथेच अडकतात, त्यातले काही मुळांजवळचे सूक्ष्मजीव विघटित करतात. जमीन झिरपू देणारी असेल तर पाणी खाली भूजलात जाते. चिकणमाती असेल तर खडीतल्या छिद्रांच्या नळीने ते सावकाश पुढे सोडतात. वाफा काठोकाठ भरला तर जास्तीचे पाणी उंचावर बसवलेल्या जाळीतून गटारात जाते. एक ते दोन दिवसांत वाफा कोरडा झालाच पाहिजे, नाहीतर मुळे कुजतात आणि डास होतात. यात महागडे काही नाही. पण खाच दोन सेंटिमीटर उंच राहिली किंवा ढाळ चुकीच्या बाजूला पडला, तर शेजारून पाणी वाहून जाते आणि वाफा कोरडाच राहतो. गवंड्याची लेव्हल इथे रचनाकाराच्या चित्राहून महत्त्वाची ठरते.

एम-३ मेट्रोनेच शहराच्या दुसऱ्या टोकाला, एंगहावे प्लास स्थानकावर उतरले की वेस्टरब्रो भागातली एंगहावेपार्केन ही बाग समोर येते. १९२० च्या दशकात आखलेली ही अभिजात शैलीची बाग. पुढे डॅनिश वास्तुकलेतले मोठे नाव झालेल्या आर्ने याकोबसेनने तरुणपणी तिच्यातले मंडप आखले होते. जवळच्या कार्ल्सबर्गच्या टेकडीवरचे पाणी उतरून याच भागाकडे येते. डिसेंबर २०१९ मध्ये बाग पुन्हा उघडली तेव्हा तिच्यात २२ हजार घनमीटरहून अधिक, म्हणजे सव्वादोन कोटी लिटरच्या आसपास पाणी मावेल अशी सोय झाली होती. आणि तरीही ती बागच दिसते. तशाच सरळ वाटा, तशाच झाडांच्या रांगा, गुलाबांचे वाफे, खेळाचे मैदान.

बाग एका बाजूला किंचित उतरती आहे. उतरत्या तीन बाजूंनी कमरेएवढी भिंत बांधली आहे. एरवी ही भिंत म्हणजे बसायचा लांबलचक कट्टा. लोक त्यावर डबा उघडतात, मुले तिच्यावरून चालतात. ढगफुटीच्या दिवशी तोच कट्टा बांध होतो. प्रवेशाच्या जागी भिंत तुटलेली आहे, तिथे जमिनीत दडवलेली दारे पाणी चढू लागले की आपोआप वर येतात. पाणी टप्प्याटप्प्याने भरते. रोजच्या पावसात लगतच्या छतांवरचे पाणी जमिनीखालच्या टाकीत जाते. ते झाडांना आणि रस्ते धुण्याला वापरतात. पाऊस वाढला तर खोलगट केलेले खेळाचे मैदान आणि बागेतले सखल भाग भरतात. शंभर वर्षांतून एकदा येणारा पाऊस आला तर अख्खी बाग तळे होईल, आणि वाहिन्यांत जागा झाली की ते पाणी सोडून देता येईल. बहुतेक नागरिकांना त्यांच्या हयातीत ही बाग पूर्ण भरलेली दिसणार नाही. म्हणूनच ती कोरड्या दिवसांसाठीही तितकीच चांगली असणे आवश्यक होते, आणि ती आहे. या प्रकल्पाचे सर्वांत मोठे यश हेच मानावे लागेल.

मराठी वाचकाला इथे मुंबईतली एक जोडी आठवेल. हिंदमाताच्या सखल भागातले पाणी धरून ठेवण्यासाठी मुंबई महापालिकेने दादरचे प्रमोद महाजन कला उद्यान आणि परळचे सेंट झेवियर्स मैदान यांच्याखाली मोठ्या टाक्या बांधल्या. उद्देश एकच : भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले तर पाणी काही तास थोपवून ठेवायचे. फरक इतका की मुंबईच्या टाक्या पूर्णपणे जमिनीखाली आहेत, आणि तिथे पाणी खाली घ्यायला व बाहेर काढायला यंत्रे लागतात. एंगहावेपार्केनमध्ये मोठ्या पावसाचा साठा उघड्यावर आहे आणि तो बहुतांशी उताराच्या जोरावर भरतो. उघडा साठा स्वच्छ करणे सोपे जाते, आणि शेजाऱ्यांना तो दिसत असल्याने त्याचे काही बिघडले तर लवकर कळते.

कोपनहेगनच्या बंदरात, इस्लांड्स ब्रुगे इथे, २००२ पासून पोहण्याची सार्वजनिक जागा आहे. पावसाच्या विषयाशी तिचा संबंध थेट आहे. एकत्रित गटारे भरली की जास्तीचे पाणी मैल्यासकट बंदरात सोडावे लागे. साठवण टाक्या बांधून आणि सांडवे कमी करून शहराने बंदराचे पाणी पोहण्याजोगे केले. आजही जोरदार पावसानंतर पोहणे काही काळ थांबवावे लागू शकते. म्हणजे चौकातल्या वाफ्यात मुरलेल्या पाण्याचा फायदा तळघरांबरोबर बंदरात पोहणाऱ्यांनाही होतो.

कोपनहेगनच्या मुख्य स्थानकावरून मालमोला जाणारी गाडी आधी समुद्राखालच्या बोगद्यात शिरते, मग पेबरहोल्म या मानवनिर्मित बेटावर वर येते आणि तिथून ऑरेसुंड पुलावर चढते. बोगदा, बेट आणि पूल मिळून हा दुवा सुमारे १६ किलोमीटरचा आहे; तो जुलै २००० मध्ये खुला झाला. पाऊण तासाच्या आत प्रवासी दुसऱ्या देशात, स्वीडनमध्ये, पोहोचतो. पावसाच्या पाण्याबाबत मालमो शहर कोपनहेगनपेक्षा बरेच आधी शहाणे झाले होते. तिथल्या जलविभागातले अभियंते पेटर स्टाहरे यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पाणी नळात घालण्याऐवजी उघड्यावर ठेवण्याचा आग्रह धरला. टॉफ्टानेस इथली पाणथळ बाग हा त्या काळातला प्रयोग. ती उभी करताना जलविभागाला उद्यान विभागाशी आणि नगररचना विभागाशी एका टेबलावर बसावे लागले. स्टाहरे यांनी पुढे लिहिलेल्या पुस्तकात मालमोतल्या अशा जागांची नोंद आहे, आणि या क्षेत्रातल्या लोकांसाठी ते आजही वाचनीय आहे.

बहुतेक पर्यटक मालमोत वेस्त्रा हाम्नेन या पश्चिम बंदराच्या भागाकडे जातात. जुन्या जहाजबांधणी कारखान्याच्या जागेवर २००१ मध्ये बो-०१ हे गृहनिर्माण प्रदर्शन भरले आणि त्यातूनच एक कायमची वस्ती उभी राहिली. १९० मीटर उंचीचा टर्निंग टोर्सो हा मनोरा शेजारीच आहे. इथल्या गल्ल्यांतून पावसाचे पाणी दगडी पन्हळींतून उघडे वाहते, पायऱ्यांवरून उतरते, लहान कुंडांत थांबते आणि समुद्राला मिळते. देखणे आहे. पण समुद्र इतका जवळ की पाणी रोखून धरण्याची फारशी गरज नाही, त्यामुळे इतर शहरांनी शिकण्यासारखे इथे तुलनेने कमी आहे. शिकण्यासारखी गोष्ट कागदावरची आहे. प्रत्येक विकासकाला आपल्या भूखंडावर हिरवाईचा ठरावीक गुणांक गाठावा लागे : साध्या मातीतल्या झाडीला पूर्ण गुण, हिरव्या छताला त्याहून कमी, सांधे मोकळे ठेवलेल्या फरसबंदीला आणखी कमी, डांबराला शून्य. शिवाय ३५ हरित बाबींच्या यादीतून निदान १० निवडाव्या लागत. गुणांकाची कल्पना बर्लिनकडून आली होती. बांधकाम परवानगीच्या टप्प्यावरच पावसाचा हिशेब मागणारी ही पद्धत पुढे बऱ्याच शहरांनी आपापल्या परीने घेतली.

या प्रवासातले सर्वांत महत्त्वाचे ठिकाण मात्र ऑगस्टेनबोर्ग आहे. त्रियांगेल्न स्थानकापासून आग्नेयेला दोनेक किलोमीटरवर ही वस्ती लागते. १९४८ ते १९५२ या काळात एमकेबी या महापालिकेच्या गृहनिर्माण कंपनीने ती बांधली. सुमारे १,८०० सदनिका, ३२ हेक्टर जागा, तीन-चार मजली साध्या इमारती आणि मधली अंगणे. त्या काळी ती आदर्श वस्ती होती. पुढे इमारती जुन्या झाल्या, नोकऱ्या गेल्या, घरे रिकामी पडू लागली. आणि एकत्रित गटारांमुळे दर मोठ्या पावसात तळघरांत पाणी येऊ लागले. तळघरातच कपडे धुण्याच्या खोल्या आणि सामानाच्या कोठड्या, त्यामुळे रहिवाशांचे नुकसान आणि किळस दोन्ही मोठे होते.

१९९८ मध्ये महापालिका आणि एमकेबीने मिळून इकोस्टादेन ऑगस्टेनबोर्ग हा पुनरुज्जीवनाचा कार्यक्रम हाती घेतला. गटार मोठे करणे हा उपाय होताच. पण तसे केले तर पाणी खालच्या वस्तीत जाऊन तुंबले असते. म्हणून छतांच्या पन्हळी गटारापासून तोडल्या आणि त्यांचे पाणी अंगणात आणले. वस्तीत मिळून सुमारे सहा किलोमीटर लांबीचे पाट आणि चर, दहा तळी, आणि ठिकठिकाणी पूर आला तर बुडू द्यायच्या हिरवळी तयार झाल्या. शाळेच्या आवारातले खोलगट, पायऱ्यांचे गोलाकार बैठकस्थान एरवी उघड्यावरचा वर्ग असते, मोठ्या पावसात पाणी धरते. छतांवर आणि फरसबंदीवर पडणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ ९० टक्के आता या उघड्या मार्गाने जाते.

पाट पाहताना त्यांचा साधेपणा जाणवतो. काही ठिकाणी ते काँक्रीटचे अरुंद पन्हळे आहेत, तळाशी ओळीने छोटे उंचवटे बसवलेले. त्यांच्याभोवती वळसे घेत पाणी मंदावते. काही ठिकाणी नुसता गवताचा चर. एका अंगणातून दुसऱ्यात जाताना पाणी तळ्यात उतरते, तिथे लव्हाळे असतात, मग पुन्हा पाट. प्रत्येक वळणावर थोडा उशीर. तो उशीर हाच या सगळ्या रचनेचा हेतू आहे. मालमोची जमीन चिकणमातीची, पाणी मुरण्याचे प्रमाण कमी. त्यामुळे इथले काम मुख्यतः पाणी थोपवण्यावर, पानांतून आणि तळ्यांच्या पृष्ठभागावरून होणाऱ्या बाष्पीभवनावर आणि सावकाश सोडण्यावर चालते. मुरवण्याजोगी जमीन नसली तरी असे काम करता येते, हे ऑगस्टेनबोर्गने दाखवले, आणि काळ्या चिकट मातीच्या शहरांसाठी ही बाब फार मोलाची आहे.

सगळे सुरळीत झाले असे नाही. उघड्या पाण्यात लहान मुले पडतील ही रहिवाशांची भीती रास्त होती. तळी उथळ ठेवावी लागली. खेळायच्या हिरवळीचा काही भाग तळ्यांनी घेतला, तो काहींना खटकला. उन्हाळ्यात काही तळ्यांत शेवाळ माजले. बैठका घेऊन, आराखडे बदलून, पाटांच्या जागा हलवून काम पुढे गेले. शोभेच्या दृष्टीने पाहिले तर कोपनहेगनचे चौक ऑगस्टेनबोर्गच्या किती तरी पुढे आहेत. पण एका जुन्या, गरीब, आधीच बांधून झालेल्या वस्तीत, घरे न पाडता, राहत्या लोकांना सांभाळत केलेले हे काम जास्त अवघड होते, आणि जगातल्या बहुतेक शहरांपुढचा प्रश्न नेमका तोच आहे. २०१० मध्ये या प्रकल्पाला जागतिक अधिवास पुरस्कार मिळाला.

वस्तीच्या एका कडेला महापालिकेच्या जुन्या कार्यशाळांच्या छतांवर साडेनऊ हजार चौरस मीटरची वनस्पती-छतबाग आहे. ती २००१ मध्ये खुली झाली. काही सेंटिमीटर जाडीच्या हलक्या मातीत सेडम जातीच्या जाड पानांच्या वनस्पती वाढतात; दुष्काळ, वारा, बर्फ सगळे त्या सोसतात. लुंड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी इथे वर्षानुवर्षे मोजमापे घेतली. पातळ मातीचे छतही वर्षभराच्या पावसातला जवळपास निम्मा पाऊस धरून ठेवते आणि पुन्हा हवेत सोडते, असे त्यातून दिसले. मात्र माती एकदा चिंब झाली की पुढचा पाऊस जवळजवळ तसाच खाली येतो. रोजच्या पावसाला छत पुरते. ढगफुटीला खालची तळी आणि बुडू देता येणारी हिरवळ लागते. छताचे फायदे सांगताना ही मर्यादा बऱ्याचदा गाळली जाते, आणि मग अपेक्षाभंग होतो.

३१ ऑगस्ट २०१४ रोजी मालमोत काही तासांत १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. शहराच्या नोंदींतला तो अतिशय मोठा पाऊस होता, आणि ऑगस्टेनबोर्गची रचना इतक्या पावसासाठी आखलेलीच नव्हती. शहरभर तळघरे बुडाली. ऑगस्टेनबोर्गमध्येही पाणी साचले, पण एकत्रित गटारे असलेल्या जवळच्या वस्त्यांच्या मानाने तिथले नुकसान फारच कमी झाले. नंतर अभ्यासकांनी विम्याच्या आणि तक्रारींच्या नोंदी ताडून पाहिल्या तेव्हा हा फरक स्पष्ट झाला. पाट आणि तळी आपल्या क्षमतेबाहेरच्या पावसातही एकदम निकामी होत नाहीत. ती काठावरून पसरतात आणि पसरायला हिरवळ असते. बंद वाहिनीला अशी सवड नसते.

या रचना जशाच्या तशा उचलून मोसमी पावसाच्या प्रदेशात बसवता येणार नाहीत, हे आकड्यांवरूनच कळते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कोपनहेगनच्या वर्षाच्या पावसापेक्षा तो जास्त होता. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजल वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेल्या होत्या आणि नंतर हे प्रमाण ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याचे काम हाती घेतले गेले. शिवाय जुलैअखेरीस जमीन आधीच भिजून तुडुंब असते आणि भरतीच्या वेळी समुद्र पाणी घेत नाही. डेन्मार्कात चौकाचा एक कोपरा पुरेसा असेल तिथे मुंबईत मैदान लागेल, आणि ऑक्टोबर ते मे कोरडे राहूनही जगणाऱ्या वनस्पती निवडाव्या लागतील. कचऱ्याचा प्रश्न तर वेगळाच; खाचेच्या तोंडाशी प्लास्टिकची एक पिशवी अडकली की वाफ्याचे काम संपले. पण कामाचा क्रम तोच ठेवता येतो. आधी पाणी पडते तिथेच थोपवायचे, मग सावकाश न्यायचे, मग ठरवलेल्या सखल जागी साचू द्यायचे, आणि सर्वांत शेवटी वाहिनीचा विचार करायचा. बांधकामाच्या घाईत शहरे हा क्रम उलटा करतात आणि वाहिनीपासून सुरुवात करून तिथेच थांबतात.

देखभालीचा खर्च हा या विषयातला सर्वांत रुक्ष आणि निर्णायक भाग आहे. वाफ्यांतला गाळ ठरावीक काळाने काढावा लागतो, खाचा झाडाव्या लागतात, दाटलेल्या मातीचा वरचा थर खरवडावा लागतो, मेलेली रोपे बदलावी लागतात. हे काम गटार खात्याचे की उद्यान खात्याचे, हा वाद प्रत्येक शहरात होतो. कोपनहेगनमध्ये पाण्याशी निगडित भाग जलकंपनी आणि जमिनीवरची बाग महापालिका, अशी विभागणी साधारणपणे केली जाते. ऑगस्टेनबोर्गमध्ये पाट आणि तळी सांभाळण्यात गृहनिर्माण कंपनीचाही वाटा आहे, कारण ती तिच्या अंगणांतच आहेत. ज्यांच्या दारात पाट आहे त्यांच्याच कंपनीकडे जबाबदारी असल्याने तक्रार आणि दुरुस्ती यांच्यात अंतर कमी राहते.

टोसिंगे प्लास, सांक्ट केल्स प्लास आणि एंगहावेपार्केन ही तिन्ही ठिकाणे सार्वजनिक आहेत. एका दिवसात तिन्ही पायी आणि मेट्रोने पाहून होतात. ऑगस्टेनबोर्गला स्वतंत्र अर्धा दिवस द्यावा. अंगणांतून मोकळेपणी फिरता येते, पण ती लोकांची राहती घरे आहेत याचे भान ठेवावे. छतबाग पाहायची असेल तर भेटीची वेळ आधी विचारून घ्यावी. उन्हाळ्याच्या लख्ख दिवसांत झाडी उत्तम दिसते, मात्र पाट बहुधा कोरडे असतात. उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा शरद ऋतूत, पाऊस पडत असताना किंवा थांबल्यावर तासाभरात गेले तर पन्हळीतून निघालेले पाणी कुठल्या अंगणातून कुठे जाते, कुठे थांबते आणि कुठल्या जाळीपाशी पोहोचते, हे त्याच्या मागे चालत जाऊन पाहता येते.